ब्राह्मी नेमकी कोणती? एका वनस्पतिनामाचा इतिहास

वेदांतला सोम म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, हा वाद भारतविद्येच्या अभ्यासकांना परिचित आहे. कोणी ती एफेड्रा मानली, तर गॉर्डन वॉसन यांनी १९६८ साली तिला अळंबे ठरवले. निर्णय अद्याप लागलेला नाही. पण तो लागला नाही म्हणून कोणाच्या प्रकृतीला अपाय होत नाही. सोमाचा प्रश्न ग्रंथालयात जन्मला आणि तिथेच नांदतो आहे.

ब्राह्मीचे तसे नाही. परीक्षेचे दिवस आले की महाराष्ट्रातल्या अनेक घरांत ब्राह्मीची बाटली येते. वृद्धांच्या विस्मरणावर ब्राह्मीघृत सुचवले जाते. डोक्याला लावायचे तेलही ब्राह्मीचेच असते. गेल्या चार-पाच दशकांत या नावाभोवती रसायनशास्त्र, औषधशास्त्र आणि मानसशास्त्र यांतील बरेच संशोधन उभे राहिले आहे, आणि 'आता प्रयोगशाळेनेही मान्य केले' असे आपण अभिमानाने म्हणतो. मात्र हे म्हणताना एक साधा प्रश्न बहुधा विचारला जात नाही. ग्रंथात जी ब्राह्मी आहे, प्रयोगशाळेत जी तपासली गेली आणि आपल्या बाटलीत जी आहे, ती एकच वनस्पती आहे काय?

हा प्रश्न आम्ही वैद्यकाचे अभ्यासक म्हणून विचारत नाही, तो आमचा अधिकार नव्हे. आम्ही भाषा आणि साहित्य शिकवणारी माणसे आहोत. परंतु ग्रंथातले विधान आणि प्रयोगशाळेतला निष्कर्ष यांना जोडणारा जो एकमेव पूल आहे, तो नावाचा आहे. आणि नावाचा अर्थ लावणे हे आमच्याच शास्त्राचे काम आहे.

दोन वनस्पती, एक नाव

आज 'ब्राह्मी' या नावाने दोन वनस्पती ओळखल्या जातात. पहिली बाकोपा मोनिएरी. पाणथळ जागी, ओढ्याच्या काठी जमिनीलगत पसरणारी, लहान, लांबट, मांसल पानांची, फिकट निळसर-पांढऱ्या फुलांची आणि चवीला कडू. मराठीत तिला जलब्राह्मी किंवा नीरब्राह्मी म्हणतात. दुसरी सेंटेला आशियाटिका. तीही ओलसर जागीच वाढते, पण तिचे पान वाटोळे, मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडेला दातेरी आणि लांब देठाचे असते. हिचे संस्कृत नाव मंडूकपर्णी, आणि आपल्याकडची देशी नावे कारिवणा, एकपानी.

या दोघी बहिणी नव्हेत, दूरच्या नात्यातल्याही नव्हेत. सेंटेला ही कोथिंबीर आणि गाजर यांच्या कुळातली. बाकोपा पूर्वी ज्या कुळात धरली जाई त्यातून ती आता दुसऱ्या कुळात गेली आहे, पण कोथिंबिरीच्या कुळाशी तिचा संबंध तेव्हाही नव्हता आणि आताही नाही. दोघींची रासायनिक द्रव्येही वेगळी आहेत.

आता प्रांतवार पाहू. बंगालात आणि केरळात ब्राह्मी म्हटले की बाकोपा समोर येते. बंगालीत सेंटेलाला थानकुनी हे स्वतंत्र नाव आहे, तमिळमध्ये वल्लारै. उलट उत्तर भारताच्या बऱ्याच भागात आणि महाराष्ट्रात ब्राह्मी म्हणून सेंटेलाच ओळखली जाते. आपल्या परसात, कुंडीत किंवा विहिरीच्या ओलीला जी वाटोळ्या पानांची 'ब्राह्मी' असते ती सेंटेला, म्हणजे आपला जुना कारिवणा. अधिकृत आयुर्वेदीय औषधिकोशाने दोन स्वतंत्र नोंदी करून बाकोपाला ब्राह्मी आणि सेंटेलाला मंडूकपर्णी ठरवले आहे. पण कोशाने केलेला निर्णय बाजाराच्या आणि बोलीच्या गळी उतरतोच असे नाही, हे भाषेच्या अभ्यासकाला वेगळे सांगायला नको.

ग्रंथ काय म्हणतात

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील रसायनाध्यायात चार 'मेध्य रसायने' सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर यष्टिमधूचे चूर्ण, गुडूचीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. शंखपुष्पीचे महत्त्व त्यांत विशेष मानले आहे. या प्रसिद्ध चौकडीत ब्राह्मीचे नाव नाही. ब्राह्मी चरकात येते ती अपस्माराच्या चिकित्सेत, ब्राह्मीचा रस, वचा, कोष्ठ, शंखपुष्पी आणि जुने तूप यांपासून सिद्ध केलेल्या घृतात. म्हणजे आज जाहिरातीत 'चरकाने सांगितलेले मेध्य रसायन' असे बाकोपाविषयी लिहिले जाते, तेव्हा ते विधान मूळ ग्रंथाशी जुळत नाही.

सुश्रुतसंहितेत चित्र अधिक स्पष्ट आहे. चिकित्सास्थानातील मेधा आणि आयुष्य यांविषयीच्या अध्यायात मंडूकपर्णीचा स्वरस आणि ब्राह्मीचा स्वरस असे दोन प्रयोग वेगवेगळे, एकापाठोपाठ एक दिले आहेत. निदान या अध्यायाच्या कर्त्याच्या मनात त्या दोन निराळ्या वनस्पती होत्या, याविषयी शंका घेण्यास जागा नाही.

ब्राह्मीच्या प्रयोगाचे तिथले वर्णन साहित्याच्या विद्यार्थ्याने मुळातून वाचावे असे आहे. एकवीस रात्रींचा हा विधी. पहिल्या सप्ताहात मनुष्य तेजस्वी आणि मेधावी होतो. दुसऱ्यात हवा तो ग्रंथ रचू शकतो आणि नष्ट झालेलाही त्याला पुन्हा स्फुरतो. तिसऱ्यात दोनदा उच्चारलेली शंभर वचनेही तो धारण करतो. शेवटी अलक्ष्मी निघून जाते, वाग्देवी मूर्तिमंत होऊन त्याच्यात प्रवेश करते आणि एकदा ऐकलेले न विसरणारा तो पाचशे वर्षे जगतो.

पाचशे वर्षांच्या आयुष्यावर हसून हा उतारा बाजूला सारणे सोपे आहे, आणि 'दोनदा ऐकून शंभर' यालाच प्राचीन प्रयोगाचा अहवाल मानून मिरवणेही तितकेच सोपे आहे. दोन्ही वाचने चुकीची आहेत, कारण दोन्ही या मजकुराचा प्रकार ओळखत नाहीत. ही फलश्रुती आहे. फलश्रुतीत अतिशयोक्ती असते, पण ती कशाविषयी करावी हे त्या समाजाची गरज ठरवते. इथे मागितलेली देणगी पाहा: हरवलेला ग्रंथ परत मिळावा आणि ऐकलेले टिकावे. ज्या संस्कृतीत विद्येचे मुख्य भांडार कंठ हे होते, जिथे पाठ करणारा विसरला तर ग्रंथच नाहीसा होई, त्या संस्कृतीची ही भीती आणि ही आकांक्षा आहे. वाग्देवीचा प्रवेश हा अलंकार नव्हे. वनस्पतीच्या नावाचाच तो अर्थ आहे. ब्राह्मी म्हणजे सरस्वती, ब्राह्मी म्हणजे वाणी. 'ललितविस्तर'सारख्या ग्रंथातील लिपींच्या यादीतून घेऊन एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांनी अशोकाच्या शिलालेखांच्या लिपीलाही हेच नाव दिले. वाणी, तिची लिपी आणि तिला धरून ठेवणारी वनस्पती अशी तिन्ही एका नावाखाली आली.

'मेधा' या शब्दाकडेही थोडे लक्ष दिले पाहिजे. अमरकोशाने मेधेची व्याख्या धारण करणारी बुद्धी अशी केली आहे. म्हणजे चटकन समजण्याची नव्हे, तर समजलेले टिकवून ठेवण्याची शक्ती. चरकाने प्रज्ञेच्या विचारात धी, धृती आणि स्मृती यांचा वेगवेगळा निर्देश केला आहे. शिवाय 'मेध्य' या शब्दाला दुसरा, यज्ञाशी निगडित असा 'पवित्र' हाही अर्थ आहे, आणि धर्मशास्त्रात तोच रूढ आहे. हे सर्व अर्थ 'मेंदूसाठी हितकर' या आजच्या भाषांतरात लोपतात. इतकेच नव्हे, तर मेंदू हे मनाचे स्थान आहे ही कल्पनाच चरकात तशी नाही. तिथे चेतनेचे आश्रयस्थान हृदय आहे. भेलसंहितेत मात्र मनाचे स्थान शिर आणि टाळू यांच्यामध्ये सांगितले आहे. या संहितेची महत्त्वाची पोथी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात राहिली आणि तिच्या आधारे कलकत्ता विद्यापीठाने १९२१ साली ग्रंथ छापला. तंजावरच्या मराठी राजांनी जोपासलेल्या त्या संग्रहाचे ऋण आपण क्वचितच आठवतो. तात्पर्य, 'आयुर्वेदात मेंदूच्या आरोग्याविषयी असे सांगितले आहे' हे वाक्य उच्चारताना आपण एक भाषांतर आधीच करून टाकलेले असते.

उपमेचे रूपक

सुश्रुतात वेगळ्या असलेल्या या दोघी एक कशा झाल्या? या प्रवासातला एक महत्त्वाचा टप्पा सोळाव्या शतकातल्या भावमिश्राच्या 'भावप्रकाश' या ग्रंथात दिसतो. त्याने ब्राह्मीची पर्यायनामे दिली, लगेच मंडूकपर्णीची दिली, मग ब्राह्मीचे गुण सांगितले: थंड, कडू, हलकी, मेधा आणि स्मृती देणारी, कुष्ठावर उपयुक्त. आणि शेवटी, मंडूकपर्णीही 'तद्वत्', तशीच, असे म्हणून विषय संपवला.

साहित्यशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर ही उपमा आहे. 'तद्वत्' म्हणणारा दोन वस्तूंचे वेगळेपण गृहीत धरतो आणि मग साम्य सांगतो. परंतु निघंटुग्रंथ पाठ करायचे असतात, व्यवहारात वापरायचे असतात. एक मिळाली नाही तर दुसरी घ्यावी, ही सोय तिथून फार दूर नाही. आणि जिच्याऐवजी जी घेतली तिलाच पुढे तिचे नाव मिळावे, हेही नैसर्गिक आहे. मुख चंद्रासारखे आहे, इथून मुख हाच चंद्र, इथपर्यंत भाषा सहज जाते. वनस्पतींच्या बाबतीत मात्र उपमेचे रूपक झाले की पेल्यातला पदार्थ बदलतो.

टीकाकारांना या धोक्याची जाणीव होती. बाराव्या शतकाच्या सुमारास सुश्रुतावर टीका लिहिणारा डल्हण अनेक ठिकाणी अमुक वनस्पतीला लोकात अमुक म्हणतात अशी पुष्टी जोडतो. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री, म्हणजे आपला हेमाडपंत, यानेही 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली. संस्कृत नाव हे सर्व देशात एकच राहते, वस्तू मात्र प्रदेशागणिक बदलते. म्हणून नावाला देशी शब्दाचा खुंटा बांधावा लागतो, हे या परंपरेला ठाऊक होते. वैद्यकात अशा वनस्पतींना 'संदिग्ध' म्हणण्याची पद्धतच आहे, आणि गुजरातचे बापालाल वैद्य यांच्यासारख्या अभ्यासकांनी विसाव्या शतकात या संदिग्धतेचा स्वतंत्र विचार केला. शंखपुष्पीची कथा तर ब्राह्मीहूनही गुंतागुंतीची आहे. त्या नावाखाली निदान चार वनस्पती दाखवल्या जातात, त्यांत आपल्या कुंपणावरची गोकर्णही आहे.

ब्रामी ते बाकोपा

ब्राह्मीच्या नावाने समुद्रप्रवासही केला. डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हेडे याने मलबारातील वनस्पतींवर सिद्ध केलेला 'होर्तुस मालाबारिकुस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात अॅम्स्टरडॅम येथे छापला गेला. त्यामागे इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे ज्ञान होते आणि रंग भट, विनायक पंडित व आपू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांचेही. या तिघांनी १६७५ साली दिलेले कोंकणी भाषेतले, देवनागरी अक्षरांतले प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापले आहे आणि चित्रांवर वनस्पतींची नावेही देवनागरीत कोरलेली आहेत. युरोपातील छापील ग्रंथात देवनागरी उमटल्याच्या आरंभीच्या उदाहरणांपैकी हे एक.

या ग्रंथाच्या दहाव्या खंडात 'ब्रामी' आणि 'कोडगम' या दोन वनस्पती स्वतंत्रपणे, स्वतंत्र चित्रांसह आल्या आहेत. पहिली बाकोपा, दुसरी सेंटेला. सुश्रुताने केलेला भेद मलबारच्या वैद्यांनी राखला होता आणि तो चित्रांत कायम झाला. पुढे लिनीयसने सेंटेलाला १७५३ साली हायड्रोकोटायले आशियाटिका म्हटले, आणि आजचे सेंटेला हे नाव तिला १८७९ साली मिळाले. दुसऱ्या वनस्पतीच्या जातिनामात ल मोन्ये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचे नाव गुंफले गेले. तिच्या प्रजातिनामाचा इतिहास विशेष लक्षणीय आहे. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ अदांसाँ याने १७६३ साली 'ब्रामी' हा आपला शब्दच प्रजातिनाम म्हणून घेतला, आणि लामार्कने १७८५ साली त्याला 'ब्रामिया' असे लॅटिन वळण दिले. परंतु मध्यंतरी, १७७५ साली, ओब्लेने फ्रेंच गियानातील अशाच एका वनस्पतीला तिथल्या आदिवासींच्या बोलीतून 'बाकोपा' हे नाव दिले होते. पुढे नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संकेतांनुसार तेच राखून ठेवण्यात आले आणि 'ब्रामी' बाद झाली. दक्षिण अमेरिकेतल्या एका बोलीचा शब्द आणि एका फ्रेंच विद्वानाचे नाव अशा दोन परक्या अक्षरांखाली आपली ब्राह्मी आज शोधनिबंधांत वावरते. यात अन्याय शोधण्याचे कारण नाही. लॅटिन नावाचे बळ त्याच्या अर्थात नसून, ते एका विशिष्ट, जतन केलेल्या नमुन्याशी बांधलेले असते यात आहे. नेमके हेच बळ 'ब्राह्मी' या सुंदर, अर्थगर्भ शब्दाजवळ नव्हते.

ही दोन नामपरंपरांची गाठ घालण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत एक मराठी कवी होता, याचे आम्हाला विशेष अगत्य वाटते. लेफ्टनंट कर्नल कान्होबा रणछोडदास कीर्तिकर हे लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. १९०९ साली बडोद्यास भरलेल्या साहित्यसंमेलनाचे ते अध्यक्ष होते, आणि टेनिसनच्या 'प्रिन्सेस'चा मराठी अवतार असलेले 'इंदिरा' हे काव्य त्यांचेच. १९१७ साली ते वारले. बामनदास बसू यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला 'इंडियन मेडिसिनल प्लांट्स' हा ग्रंथ १९१८ साली अलाहाबादच्या पाणिनी कार्यालयातून निघाला. लॅटिन नावाखाली प्रांतोप्रांतीची देशी नावे, मग वर्णन, मग उपयोग, अशी त्याची मांडणी आहे. याच सुमारास, १९०७ साली नाशिकला आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घालणारे शंकर दाजीशास्त्री पदे यांनी 'वनौषधिगुणादर्श' लिहून हे ज्ञान मराठीत आणले होते. आमच्या वाङ्मयेतिहासांत 'इंदिरा'ला एखादे वाक्य मिळते. वनस्पतींच्या ग्रंथाला तेही नाही. वास्तविक, शब्द आणि वस्तू यांचे नाते तपासण्याची एकच वृत्ती त्या दोन्हींत आहे.

प्रयोगशाळेतली ब्राह्मी

स्वातंत्र्यानंतर लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेत बाकोपावर काम सुरू झाले. १९६३ च्या सुमारास चॅटर्जी, रस्तोगी आणि धर यांनी तिच्यातून वेगळ्या केलेल्या द्रव्याला 'बॅकोसाइड ए' असे नाव दिले. ऐंशीच्या दशकात हरीश सिंग आणि भोलानाथ धवन यांनी उंदरांच्या शिकण्यावर तिच्या अर्काचा परिणाम तपासला. त्यानंतर माणसांवरच्या, औषध आणि निष्क्रिय गोळी यांची तुलना करणाऱ्या चाचण्या आल्या. ऑस्ट्रेलियात स्टाफ आणि सहकाऱ्यांनी २००१ साली निरोगी प्रौढांना रोज ३०० मिलिग्रॅम अर्क १२ आठवडे देऊन माहिती ग्रहण करण्याचा वेग, शिकणे आणि स्मृती पक्की होणे यांत सुधारणा नोंदवली. पुढच्याच वर्षी रूडनरिस आणि सहकाऱ्यांनी ४० ते ६५ वयोगटातल्या ७६ व्यक्तींवर केलेल्या चाचणीत शिकण्याच्या वेगात फरक आढळला नाही. नव्याने शिकलेले विसरण्याचे प्रमाण मात्र कमी झाले. २०१२ साली अशा सहा चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला. स्मरणातून मुक्तपणे आठवण्याच्या १७ कसोट्यांपैकी ९ मध्ये सुधारणा दिसली, बुद्धीच्या इतर व्यापारांविषयी मात्र फारसा पुरावा मिळाला नाही. काही जणांना पोटाच्या तक्रारी झाल्या, हेही या चाचण्यांत नोंदलेले आहे.

रूडनरिस यांचा निष्कर्ष वाचून अमरकोशातली मेधेची व्याख्या कोणालाही आठवेल: ग्रहण नव्हे, धारणा. हे साम्य मोहक आहे आणि आम्हालाही त्याचा मोह झाला. पण त्याने सिद्ध काहीच होत नाही. आदल्या वर्षीच्या चाचणीचा निकाल त्याच्याशी पूर्ण जुळत नाही, चाचण्या लहान आहेत, आणि सुश्रुताचा ताजा रस एकवीस दिवस घेणे व प्रमाणित अर्काच्या गोळ्या बारा आठवडे घेणे ही एकच क्रिया नव्हे. साम्यामुळे अधिक नेमका प्रश्न विचारता येतो, एवढेच त्याचे मोल.

दरम्यान मंडूकपर्णीचा मार्ग वेगळाच झाला. तिच्यातले 'आशियाटिकोसाइड' १९४१ साली मादागास्करमध्ये वेगळे करण्यात आले आणि पाश्चात्त्य वैद्यकाने तिला मुख्यतः जखमा आणि त्वचा यांसाठी वापरले. भावमिश्राने स्मृतीबरोबर सांगितलेला कुष्ठावरचा गुण इथे अधिक लक्षात घेतला गेला. बुद्धीवरच्या परिणामाची तपासणीही झाली. १९७३ साली मद्रासला बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांवर तिचा एक प्रयोग झाला होता. परंतु उपलब्ध चाचण्यांचा २०१७ साली घेतलेला एकत्रित आढावा सांगतो की एकंदर बोधनक्षमतेत तिने निष्क्रिय औषधापेक्षा लक्षणीय सुधारणा घडवल्याचे दिसत नाही.

आता हे सारे एकत्र ठेवून पाहावे. ग्रंथाचा आधार द्यायचा तर चरकाच्या चौकडीतली मंडूकपर्णी. चाचणीचा आधार द्यायचा तर बाकोपा. आणि महाराष्ट्रात हाती येते ती बहुधा सेंटेला. एका नावाच्या छत्राखाली एकीची प्रतिष्ठा दुसरीला आणि दुसरीचा पुरावा पहिलीला चिकटतो. यात कोणी लबाडी केलीच पाहिजे असे नाही; भाषा ती आपोआप करते.

गमतीचा भाग असा की प्रयोगशाळेचीही नावापासून सुटका झाली नाही. ज्याला एक द्रव्य समजून 'बॅकोसाइड ए' म्हटले गेले होते, ते २००५ साली निदान चार वेगवेगळ्या सॅपोनिनांचे मिश्रण असल्याचे दाखवण्यात आले. व्यक्तिवाचक समजलेले नाम समूहवाचक निघाले. फरक इतकाच की प्रयोगशाळेला ही चूक हुडकून काढण्याची रीत ठाऊक होती.

सर्पगंधेचा दाखला

नाव आणि वस्तू यांची गाठ पक्की असली की काय घडते, हे तुलनेने पाहण्यासाठी सर्पगंधेकडे वळू. उन्मादावर आणि निद्रानाशावर भारतात पूर्वापार वापरलेली ही मुळी. तिचेही लॅटिन प्रजातिनाम भारतात कधी न आलेल्या राउवोल्फ या सोळाव्या शतकातल्या जर्मन वैद्यावरून पडले. पण ती कोणती, याविषयी ब्राह्मीसारखा वाद राहिला नाही. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मनोविकार व रक्तदाब यांवरचा तिचा परिणाम प्रसिद्ध केला. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातील द्रव्ये वेगळी करून एकाला हकीम अजमलखानांचे नाव दिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली रक्तदाबावरचा आपला अभ्यास ब्रिटनमधील हृदयरोगविषयक नियतकालिकात छापला आणि जगाचे लक्ष तिकडे गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये रेसरपिन हाती आले आणि लवकरच ते मनोरुग्णालयांत पोहोचले.

पुढचा भाग अधिक महत्त्वाचा. रेसरपिनने काही रुग्णांत नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या, आणि ते मेंदूतल्या विशिष्ट संदेशवाहक द्रव्यांचा साठा रिता करते हे १९५५ च्या सुमारास कळले. १९५७ साली आर्विद कार्लसन यांनी रेसरपिनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा देऊन पुन्हा हिंडते केले. डोपामिनचे कार्य आणि कंपवाताचे उपचार यांचा मार्ग त्यातून मोकळा झाला, आणि २००० साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या एका मुळीने मेंदूविषयी जगाला जे शिकवले, ते तिच्या गुणांइतकेच तिच्या दोषांतून शिकवले. गुण आणि दोष दोन्ही कळू शकले, कारण कोणती मुळी, कोणते द्रव्य आणि किती, या तीन प्रश्नांना एकेकच उत्तर होते. जिथे वस्तूच निश्चित नाही, तिथे स्तुती करता येते. परीक्षा करता येत नाही.

आपले काम

आजच्या चर्चेत दोन पक्ष ठळक दिसतात. एक म्हणतो, आमच्या ग्रंथांत सर्व होतेच. दुसरा म्हणतो, त्या साऱ्या भाकडकथा. दोघांचाही ग्रंथ वाचण्याचा कंटाळा सारखाच आहे. पहिल्याने चरक उघडला असता तर मेध्य चौकडीत ब्राह्मी नाही हे त्याला दिसले असते. दुसऱ्याने सुश्रुत उघडला असता तर दोन ओल्या जागच्या वनस्पतींमधला भेद किती नेमकेपणाने राखला आहे, हे त्याला दिसले असते. जादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेल्या, मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काढलेल्या या संहितांच्या आवृत्त्या अनेक जुन्या महाविद्यालयांच्या कपाटांत आहेत. त्या केवळ आयुर्वेदाच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत, असे आपण साहित्यवाल्यांनी उगाच मानून घेतले आहे.

आणखी एक नुकसान आहे, ते आपल्या भाषेचे. कारिवण्याला 'ब्राह्मी' म्हटल्याने त्याची किंमत वाढली, पण 'कारिवणा' हा शब्द मागे पडला. संस्कृत नावाच्या प्रतिष्ठेपायी देशी नाव लोपते, तेव्हा एक शब्द तर जातोच, शिवाय दोन वनस्पती वेगळ्या ओळखण्याची एक खूणही जाते. बंगालीने थानकुनी राखली, तमिळने वल्लारै राखली. म्हणून तिथे हा घोटाळा तितका नाही. गावोगावच्या वृद्ध स्त्रिया आणि वैदू यांच्या तोंडची वनस्पतींची नावे, नावाशेजारी प्रत्यक्ष पानाफुलाचा वाळवलेला नमुना ठेवून नोंदवणे, हा मराठी आणि वनस्पतिशास्त्र या दोन विभागांनी मिळून हाती घ्यावा असा उपक्रम आहे. त्याला मोठा निधी लागत नाही. शब्दकोश करणाऱ्याची चिकाटी मात्र लागते.

विद्यार्थ्यांनी ब्राह्मी घ्यावी की घेऊ नये, हे त्यांना त्यांचे वैद्य आणि डॉक्टर सांगतील. आम्ही एवढेच सुचवू की कोणीही 'ब्राह्मीने स्मृती वाढते' असे म्हटले, की अदबीने विचारावे: कोणत्या ब्राह्मीने?